जुनी मारुती पेट्रोल जास्त का पिते? दोष शोधण्याची रीत



ऊसनोंदीच्या आणि तोडणी कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची माणसे गावोगाव हिंडत असतो. लागणीची तारीख, पाण्याची पाळी, हुमणी, बिलाचा हप्ता हे विषय नेहमीचेच. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक तक्रार ऐकू येते. "साहेब, तुमच्या इथेनॉलनं आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज घालवलं. अठरा देत होती, ती आता अकरावर आली." गाडी बहुतेक जुनी मारुती ८०० असते. कुणी पुण्याच्या पाहुण्याकडून घेतलेली, कुणी मुलाने नवी गाडी घेतल्यावर मळ्यावर आणून ठेवलेली. बोलणाऱ्या सभासदाचाही ऊस त्या इथेनॉलमध्ये आहेच, तेव्हा 'तुमच्या' शब्दावर आम्ही हसतो. पण तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हिशेब करून पाहा. महिन्याला १००० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागते. तीच ११ देऊ लागली की जवळपास ९१ लिटर. फरक २८ लिटरांचा, म्हणजे मारुतीची एक अख्खी टाकी दर महिन्याला जादा. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी वर्षाला तेहेतीस-चौतीस हजार रुपये झाले. एवढ्यात एकरभर लागणीच्या खतांचा बराचसा खर्च निघतो.

हा विषय आमच्या खात्याचा नाही हे खरे. पण निदान करण्याची रीत पिकाला एक आणि यंत्राला दुसरी अशी नसते. उसाचे पान पिवळे पडले की आपल्याकडे पहिला हात युरियाच्या पोत्याला जातो. लोह कमी पडले असेल, पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील, हुमणीने मुळे खाल्ली असतील, हे बेट उपटून बघितल्याशिवाय कळत नाही. गाडीचेही तेच चालले आहे. अ‍ॅव्हरेज पडले की मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो आणि मालक इथेनॉलला शिव्या घालतो. बेट कुणी उपटत नाही.

इथेनॉलच्या पदरात किती घालायचे?

आधी आपल्या घरचे बघू. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली आपल्या मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे झाला. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर २०२२ च्या जूनमध्ये पोचली. वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. आता हे इथेनॉल केवळ उसाचे राहिलेले नाही. मका व तांदळाचाही त्यात मोठा वाटा आहे.

एक लिटर पेट्रोल जाळले तर जेवढी उष्णता मिळते त्याच्या साधारण दोन तृतीयांशच उष्णता एक लिटर इथेनॉलमध्ये असते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा उताऱ्याचा प्रश्न आहे. काट्यावर दोन्ही टन सारखेच भरतात, पण एकाचा उतारा बारा आणि दुसऱ्याचा आठ. बाराच्या उसात पाचवा हिस्सा आठचा मिसळला तर एकूण उतारा किती खाली येईल? सव्वाअकराच्या थोडा खाली. आठवर काही येणार नाही. पेट्रोलचे तसेच आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये उष्णता सहा ते सात टक्क्यांनी कमी भरते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट येईल असेच म्हटले होते.

म्हणजे अठराची गाडी पावणेसतरावर यावी. तीही इथेनॉल अजिबात नसतानाच्या काळाशी ताडून. तुमची गाडी २०२२ साली अठरा देत होती असे असेल तर त्या वेळी पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होतेच. मग आजचा इथेनॉलचा हिशेब साडेतीन टक्क्यांचा, लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटरचा. हा तोटा खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये, आम्हीही नाकारत नाही. पण अठरावरून अकरा म्हणजे एकोणचाळीस टक्के घट. त्यातले सात इथेनॉलचे धरले तरी बत्तीस टक्क्यांचा चोर गाडीत, रस्त्यात किंवा मोजमापात लपला आहे.

आधी माप, मग रोग

काट्यावर पाच किलोची शंका आली तरी वजन पुन्हा करा म्हणणारा सभासद पेट्रोलच्या बाबतीत मात्र 'पाचशेचं टाकलं होतं, चार दिवसांत संपलं' एवढ्यावर भागवतो. याला अ‍ॅव्हरेज काढणे म्हणत नाहीत. टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप 'टक्' करून थांबले की थांबावे, मीटरचा आकडा लिहून ठेवावा. निदान अडीचशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवावी. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलने, पुन्हा 'टक्' होईपर्यंत भरावे. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावे. दोनदा-तीनदा करून सरासरी घ्यावी. पाच लिटर भरून हिशेब केला आणि अर्ध्या लिटरची चूक झाली तर ती दहा टक्क्यांची होते. वीस लिटरवर तीच चूक अडीच टक्क्यांवर येते.

मीटरही तपासून घ्यावा. जुन्या गाडीत तो केबलवर फिरतो. केबल मधूनच अडकते, मग गाडी पळते आणि मीटर थांबतो. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघत दहा किलोमीटर जावे आणि मीटर किती दाखवतो ते पाहावे. काहींनी दिसायला बरे म्हणून मूळच्यापेक्षा मोठे टायर बसवलेले असतात. मोठ्या टायरवर गाडी जास्त अंतर जाते, मीटर कमी दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज उगीचच पडलेले दिसते. पंपाच्या मापाची शंका असेल तर पाच लिटरचे शिक्क्याचे माप पंपावर ठेवावेच लागते. ते मागून घेऊन मोजून बघण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

मापानंतर वापर. घरापासून मळा तीन किलोमीटर, दिवसातून चार खेपा, प्रत्येक खेपेला इंजिन थंड. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतेच. ते तापेपर्यंत मळा येतो. हीच गाडी कोल्हापूरला जाऊन आली तर सतरा देईल, गावात मात्र बारा. यात गाडीचा दोष काही नाही. हंगामात तर उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरवर दहा-दहा मिनिटे रखडावे लागते. तेव्हा हंगामातले अ‍ॅव्हरेज हंगामाशीच ताडावे. ओझ्याचाही विचार करावा. मारुतीचे स्वतःचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. मागच्या सीटवर युरियाची चार पोती टाकली की १८० किलो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या पावपटीहून जास्त. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी वारा अडवतो; वापर नसेल तर काढून गोठ्यात ठेवावा.

हाताने ढकलून बघा

इथपर्यंत एक पैसाही खर्च झालेला नाही. पुढची तपासणीही फुकटच आहे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच.

सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडा. जवळ कोणी चाकाला दगड लावायला उभा राहू द्या. धडधाकट माणसाने एकट्याने रेटली तर मारुती हलली पाहिजे आणि हललेली थोडी चालत राहिली पाहिजे. दोघांना रेटावी लागत असेल, किंवा सोडताक्षणी थांबत असेल, तर इंजिनाला हात लावू नका. गाडी कुठेतरी अडते आहे आणि इंजिन त्या अडण्याशी रोज झगडते आहे. बैलाच्या मानेवरचे जू तपासायचे सोडून त्याला पेंड वाढवण्यातला हा प्रकार.

अडते कुठे ते शोधायला आठ-दहा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक मारत जावे, थांबल्यावर लगेच चारही चाकांजवळ तळहात न्यावा. लगेच लोखंडाला टेकवू नये, चटका बसेल. एका चाकाची आंच बाकीच्यांपेक्षा जास्त लागली तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल गंजून पूर्ण परत जात नाही, व्हील सिलिंडर अडकतो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरच्या पिना सुकतात. चिखलातून, पाटातून जाणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांना हा रोग फार. पावसाळाभर शेडमध्ये हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीला तर हमखास. एका गावातल्या गाडीचे कार्ब्युरेटर वर्षात दोनदा बदलले गेले होते. शेवटी जॅकवर चढवली तेव्हा मागचे डावे चाक हाताने फिरेना. केबल बदलली आणि गाडी अकरावरून पंधरावर आली.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी. किती असावी तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नव्हे. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखे दाते लागले तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे आणि टायर रस्त्यावर घासत चालला आहे.

क्लचची परीक्षा चढावर होते. चौथ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे. तेवढे पेट्रोल वाया.

प्लगचा रंग आणि पीयूसीची पावती

आता बॉनेट उघडा. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरावा. धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीला पुस्तिकेतल्या मुदतीच्या अर्ध्यातच तो बदलावा लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण होते.

मारुतीला तीन सिलिंडर, तीन प्लग. चांगली लांब फेरी करून इंजिन निवल्यावर ते काढावेत आणि कोणता कुठला ते लक्षात ठेवून ओळीने मांडावेत. टोकाचा रंग फिकट तपकिरी, बिस्किटासारखा असेल तर त्या सिलिंडरचे जळण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट ओला काळा असेल तर ऑइल वर येते आहे. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. तिन्ही काळे असतील तर दोष सगळ्यांना मिळून असलेल्या भागात, म्हणजे फिल्टर, चोक, कार्ब्युरेटर यांत. एकच काळा असेल तर त्याची वायर, तो प्लग किंवा तो सिलिंडर. तीनपैकी एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर गाडी उभ्या जागी थरथरते. आलेले पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे जाते.

सहसा कोणी न वापरणारी एक परीक्षा म्हणजे पीयूसीची पावती. ती आपण पोलिसाला दाखवण्यापुरती ठेवतो. पण तिच्यावर सीओचा आकडा छापलेला असतो. अर्धवट जळणाचा तो पुरावा आहे. मागच्या आणि आत्ताच्या पावत्या शेजारी ठेवून आकडा किती वाढला ते बघा. वाढला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे असे समजावे. आकडा तोच असून अ‍ॅव्हरेज पडले असेल तर पुन्हा ब्रेककडे वळावे.

चोकची दांडी आत ढकलली तरी केबल गंजल्यामुळे पडदा अर्धा मिटलेलाच राहतो. एअर फिल्टर काढून डोळ्याने बघावे, इंजिन गरम असताना पडदा सरळ उभा असला पाहिजे. फ्लोटची सुई झिजली की कार्ब्युरेटर भरून वाहतो. आणि जेट! जेटचे भोक केसाएवढे असते, त्यावर नंबर छापलेला असतो. ते साफ करायला मिस्त्री तारेचा तुकडा घालून फिरवतो. पितळ मऊ, भोक मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पिऊ लागते. जेट साफ करायचे ते हवेच्या दाबाने. तुमच्यासमोर कोणी तार हातात घेतली तर हात धरा.

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाला बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून बघावी. ऑइल न घालता पातळी वाढली असेल आणि वास पेट्रोलचा येत असेल तर गाडी तशी चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

आणखी एक खोड. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. मग इंजिन कधीच पुरते तापत नाही. दहा किलोमीटर गेल्यावरही पाण्याचा काटा तळाशीच असेल तर थर्मोस्टॅट आहे का, असे विचारा. पुढच्या काळातल्या एमपीएफआय गाड्यांत तर याचा फटका जास्त. तिथे पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि इंजिन थंड आहे अशी खबर मिळत राहिली तर तो जास्तच सोडत राहतो. पाण्याचा सेन्सर बिघडला तरी तेच. अशा गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला असेल तर आधी त्याचा छडा लावावा, बाकी नंतर.

जुन्या गाडीत इथेनॉल काय करते

उष्णता कमी एवढ्यावर इथेनॉलचा विषय संपत नाही, म्हणून थोडे आणखी. इथेनॉलच्या अंगात ऑक्सिजन असतो. संगणकाची गाडी ते ओळखून पेट्रोल थोडे वाढवते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी अडखळते, मालक चोक थोडा ओढून चालवू लागतो. हा ओढलेला चोक इथेनॉलपेक्षा किती तरी जास्त पेट्रोल घालवतो. यावर उपाय जाणत्या मिस्त्रीकडून ट्यूनिंग करून घेणे, मोठे जेट बसवणे नव्हे.

दुसरे असे की टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. फिल्टर दोनदा लवकर बदलावा. जुने रबरी पाइप फुगतात, चिरा पडतात. याची पाहणी अ‍ॅव्हरेजसाठी नंतर, जिवासाठी आधी करावी. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे पेटलेली गाडी. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी पाइप बदलावेत, इथेनॉल चालणाऱ्या जातीचेच घ्यावेत. तिसरे, इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसते आणि गाडी सुरूच होत नाही. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी करू नये.

आठवडी बाजारात अ‍ॅव्हरेज वाढवणारी लोहचुंबके आणि गोळ्या मिळतात. विकणाऱ्याच्या उत्पन्नाखेरीज काही वाढत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा टाकी ते टाकी मोजा. खताच्या प्रात्यक्षिकात आम्ही एक वाफा तुलनेसाठी तसाच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. प्लग, फिल्टर, ब्रेक, ट्यूनिंग सगळे एका दिवसात केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला मिस्त्री पुन्हा सगळेच बदलायला सांगतो.

एवढे करूनही गाडी बारा-तेरावरच राहिली तर तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगावे. ऑइल घातल्यावर आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. व्हॉल्व्हचे काम त्या मानाने कमी खर्चात होते. रिंगा आणि बोअरचे काम निघाले तर खर्चाचा आकडा आधी लिहून घ्यावा, महिन्याला किती लिटर वाचतील त्याने भागावे, आणि पैसे फिटायला किती महिने लागतात ते बघावे. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबले, म्हणजे सर्वात नवी गाडीही आता दहा वर्षांहून जुनी आहे. पैसे फिटायला तीन वर्षे लागणार असतील तर इंजिन न उघडता ती मळ्यापुरती वापरलेली बरी.